कुत्र्याच्या दारातून

पारा उणे छत्तीस. अशा रात्री
सास्काचेवानच्या माळावर कुणी पायी फिरत नाही.
वासिल, तू असतास तर म्हणाला असतास,
फिरतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे.

तीन वाजायला आले होते.
दारावर तीन थापा, मग गप्प,
मग एकच, विचार करून मारलेली.

मी उठले ती दाराकडे नाही, कपाटाकडे.
तुझी बंदूक घरातल्या उबेतही गारच होती.
लॉर्न एकदा आपल्या टेबलाशी बसून म्हणाला होता,
"गोळी आधी, नाव नंतर."
तू हसला होतास. मीही हसले होते.
ते हसू आठवून पोटात गोळा आला.

काचेवरचा बर्फ नखानं खरवडून पाहिलं:
एक पोरगा. क्री वस्तीतला असावा, अठरा-एकोणीसचा,
एका हातात मोजा, दुसरा हात काखेत.
गाडी खड्ड्यात गेली म्हणाला. फोन बंद पडला म्हणाला.
चोरही हेच सांगतो.
आणि हे खरंही असतं.

मी हिशेब केला. लाज वाटते, पण केला.
शेजार चार मैलांवर. पोलीस दीड तासावर.
दार उघडलं तर कदाचित मी.
नाही उघडलं तर नक्की तो,
आणि त्याला मारायला चापही ओढावा लागणार नव्हता,
नुसतं परत जाऊन झोपायचं होतं.

म्हणून अर्धंच धाडस केलं.
बुटांच्या खोलीची बाहेरची कडी काढली
आणि पळत येऊन मधलं दार आतून लावून घेतलं,
सत्तरीची बाई पळेल तितपत पळत.

मधल्या दाराला वर काच, खाली बुर्कोची झडप.
बुर्को जाऊन तीन वर्षं झाली, झडप तशीच आहे.
तिच्यातून घोंगडी ढकलली,
मग बीटच्या सुपाचं भांडं, झाकण घट्ट लावून.
मग तुझे मोजे.

थोड्या वेळानं झडप उलटी हलली.
रिकामं भांडं असेल म्हणून वाकले,
तर चाकू. मासे साफ करायचा, मूठ माझ्याकडे करून.
"तुमच्याकडे राहू दे," काचेपलीकडून म्हणाला,
"झोप लागेल तुम्हाला."

वासिल, बंदूक माझ्या मांडीवर होती.
त्याला दिसत नव्हती.
मी सांगितलंही नाही.
काडतुसं मात्र काढली, एकेक, आवाज न करता,
आणि पिठाच्या डब्यात टाकली.
का ते विचारू नकोस.
चाकूला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

मग नाव विचारलं. डॅरिअस.
आजीला सकाळी डायलिसिसला न्यायचं होतं त्याला.
उजाडेपर्यंत तो बुटांच्या ढिगात, मी स्टुलावर,
दोघंही झोपेचं सोंग घेऊन.

लॉर्नला मीच फोन केला होता, चाकू येण्याआधी.
वारा पडल्यावर निघतो म्हणाला होता, तसा आला.
ट्रकमधून काय घेऊन उतरला, सांगायला नको.
रात्रभर न उघडलेलं मधलं दार
तेव्हा कसं उघडलं, कळलंही नाही.
घरातल्या सपातांनी बर्फात उभी राहिले,
पोराच्या पुढ्यात. मोठं काही बोलले नाही,
एवढंच, "ओढायची साखळी आणलीस का?"
लॉर्न बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
मग नळी खाली केली. साखळी होती ट्रकमध्ये.

चाकू परत दिला, मूठ त्याच्याकडे करून.
मोजे त्याच्याबरोबर गेले.

विचारशील, शहाणी झालीस का? छे.
मधली कडी अजून दोनदा चाचपते.
बाहेरची आता लावत नाही,
तिथे घोंगडी असते घडी करून.

काल पिरोगीचं पीठ काढताना
काडतूस हाताला लागलं. सगळी वेचून मोजली.
पाच.
सहावं डब्याच्या तळाशी असेल,
किंवा बंदुकीतच राहिलं असेल.
बघायला हवं.
अजून बघितलेलं नाही.